थंडीत कुंडीतल्या लिंबाला एकोणीस-एकोणीस: घ्यावं की नको?

कृषी सेवा केंद्रात कुंडीतल्या कागदी लिंबासाठी खत मागितलं की बहुतेक वेळा 19:19:19 ची, म्हणजे एकोणीस-एकोणीसची, एक किलोची पुडी हातात पडते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 टक्के, असा या आकड्यांचा अर्थ. खत म्हणून त्यात खोट नाही. पटकन विरघळतं, वास नाही, गाळ नाही. पण पडवीत किंवा गॅलरीत ठेवलेल्या लिंबाला डिसेंबर-जानेवारीत ते जसंच्या तसं घालणं म्हणजे जेवण झालेल्याला पुन्हा ताटावर बसवणं.

यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतल्या जिवाणूंनी त्याचं नायट्रेट केलं की मुळं ते सहज उचलतात, आणि गार मातीत हे काम मंदावतं. त्यात 13 अंशांच्या आसपास लिंबाच्या मुळांचंही काम जवळजवळ थांबतं. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर एवढी थंडी क्वचितच पडते, दापोलीकडे मात्र पहाटे पडते, आणि कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर गार होते. न उचललेलं खत क्षार होऊन साचतं. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली आणि पानांची टोकं करपली, तर कारण हेच. (फक्त समुद्राकडच्या बाजूची पानं करपली असतील तर दोष खाऱ्या वाऱ्याचा, खताचा नव्हे.)

पुडीवरचं प्रमाण शेतासाठी असतं. बारा इंची कुंडीला लिटरला 1 ग्रॅम पुरे, म्हणजे पाच लिटर पाण्यात सपाट एक चमचा. आधी साधं पाणी देऊन माती ओली करायची, मग लिटरभर द्रावण घालायचं. महिन्यातून एकदा, तेही झाडाला रोज चार-पाच तास ऊन मिळत असेल तरच. सावलीतल्या झाडाला फेब्रुवारीपर्यंत काही देऊ नका. खत विरघळताना पाणी हाताला गार लागतं, म्हणून द्रावण तासभर उन्हात ठेवून मग घाला. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी यासाठी वापरू नका, त्यातले क्षार खताच्या क्षारात भर घालतात.

खरी उणीव वेगळीच आहे. आपल्या जांभ्याच्या मातीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळातच कमी, कारण पावसाने ते धुऊन जातं. पुडीत हे दोन्ही नाहीत, आणि तिच्यातला भरपूर पालाश मॅग्नेशियम उचलणं आणखी अवघड करतो. जुनं पान कडेने पिवळं पडून देठाजवळ उलट्या व्ही आकाराचा हिरवा भाग उरला, तर ती मॅग्नेशियमची कमतरता. त्यावर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या, ऊन तापायच्या आत.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं जानेवारीत दिसलं की लोक लोहाचं औषध आणायला धावतात. तांबड्या मातीत लोहाला तोटा नसतो. मुळं गार आणि ओली असल्याने ते वर चढत नाही, एवढंच. पाणी कमी करा, कुंडीखालची ताटली काढा, कुंडी सकाळच्या उन्हात सरकवा. नवी पानं मात्र लहान आणि अरुंद येत असतील तर जस्त कमी आहे. तेव्हा चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज उचलता येतील अशा रूपातल्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी कामाला येते.

पुडी घरात असेल तर टाकू नका. फेब्रुवारीत नवी फूट येऊ लागली की लिटरला 2 ग्रॅम, दर पंधरवड्याला. नव्याने घेणार असाल तर थंडीसाठी कॅल्शियम नायट्रेट जास्त बरं. त्यातलं 15.5 टक्के नत्र जवळजवळ सगळं तयार नायट्रेट, आणि कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. प्रमाण तेच, लिटरला 1 ग्रॅम. फक्त ते एकोणीस-एकोणीसबरोबर एका बादलीत कालवू नका, स्फुरदाशी जुळून पांढरा साका बसतो. आणि फोडलेली पुडी रबर लावून ठेवलीत तर कोकणच्या हवेत तिचं पाणी झालंच म्हणून समजा. घट्ट झाकणाची बरणी लागतेच.