दहा टक्क्यांच्या कूपनापायी

२०२४ च्या जुलैत आम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला स्वतःच्या घरात राहायला आलो. भाड्याच्या घरात जे जे घरमालकाचं असतं ते आता आपल्याच पैशांनी घ्यायचं, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. वॉशर, ड्रायर, पडदे, गवत कापायचं यंत्र. यादी केली तर आकडा तीन हजार डॉलरच्या पुढे गेला.

निघायच्या आदल्या आठवड्यात मंडळातल्या एका मैत्रिणीने जेवायला बोलावलं होतं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अगं, पोस्टात पत्ता बदललास की हार्डवेअरच्या दुकानाचं दहा टक्क्यांचं कूपन येतं. वॉशर-ड्रायर त्याच्यावरच घे." तिचा नवरा बाहेरून ओरडला, "मूव्ह व्हायचीसुद्धा गरज नाही! मी दोनदा पत्त्यातल्या फ्लॅट नंबरात '१-बी'चं 'बी-१' करून मागवलंय." सगळे हसले. मीही हसले.

मैत्रिणीचं म्हणणं खरंच होतं. अमेरिकेत घर बदललं की पोस्टाला कळवायचं, म्हणजे जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर येतं. पत्रं, बिलं वगैरे बारा महिने, मासिकं साठ दिवस. कळवल्यावर नव्या घरी पोस्टाकडून एक पाकीट येतं आणि त्यात दुकानांची कूपनं असतात. लोज, होम डेपोसारख्या दुकानांना घर बदलणारा माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो भरपूर खरेदी करतो. हे ज्यांना कळलंय ते कूपनं छापतात. आणि हेच ज्यांना जरा वेगळ्या अर्थाने कळलंय, त्यांच्या हाती मी सापडले.

नव्या घरातली पहिली रात्र. गाद्या जमिनीवर, पंखा कुठल्या खोक्यात आहे ते माहीत नाही, साडेअकरा वाजलेले. मी फोनवर 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्याच्या डोक्यावर बारीक राखाडी अक्षरांत 'प्रायोजित', म्हणजे जाहिरात, असा शब्द होता, पण तो मी बरंच नंतर पाहिला. निळा-लाल रंग, कोपऱ्यात कुठल्याशा शिकारी पक्ष्याचं डोकं. पोस्टाचा गरुड नव्हता तो, पण रात्री साडेअकराला कोण चोच निरखतं? सरकारी साइट 'डॉट गव्ह'वाली असते म्हणतात. मी पत्ता पाहिला, 'डॉट कॉम' होता. पण पोस्टाची खरी साइटसुद्धा 'यूएसपीएस डॉट कॉम'च आहे. म्हणजे तिथे तो नियम उपयोगाचा नाही.

नाव, जन्मतारीख, फोन, जुना पत्ता, नवा पत्ता. चौथ्या पानावर घड्याळ सुरू झालं. "तुमच्या भागातली मूव्हर कूपनं राखून ठेवली आहेत, ९ मिनिटं ५९ सेकंद." आकडे उलटे पळायला लागले. आता आठवलं की हसू येतं, कूपनं काय पेट्रोल पंपावर रांगेत उभी होती? पण तेव्हा माझा अंगठा भरभर चालायला लागला. खाली एक चौकोन होता: 'तुमचा नवा पत्ता सरकारी कार्यालयांनाही कळवू'. त्यात करखातं होतं, लायसन्सचं ऑफिस होतं आणि इमिग्रेशनही होतं. मी खूण केली. ती एक खूण मला सगळ्यात महागात पडली, ते पुढे सांगते.

शेवटच्या पानावर आकडा आला, ८९ डॉलर ९५ सेंट. थांबले नाही असं नाही. मनात हिशोब केला: वॉशर-ड्रायर चौदाशेचे, त्यावर १४० सुटतात, त्यातून ९० गेले तरी ५० वाचतात. सरकारी काम म्हटल्यावर फी असणारच, असंही स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की पोस्टाच्या साइटवर याला डॉलर-सव्वा डॉलर पडतो आणि तोही ओळख पटवण्यासाठी कार्डावरून घेतात. पोस्टात जाऊन काउंटरवर फॉर्म दिला तर काहीच पडत नाही.

आमची एडिसनची जागा माझ्या चुलत दिराने घेतली होती. आडनाव आमचंच. तीन आठवड्यांनी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, टपालाच्या गठ्ठ्याचा फोटो आणि खाली, "वहिनी, तुमचं सगळं अजून इथंच येतंय." नवरा म्हणाला, "तू फॉर्म भरला होतास ना?" भरला होता. पावतीचा ईमेलही होता. त्यातल्या नंबरवर फोन केला तर वीस मिनिटं संगीत वाजलं आणि फोन कट झाला. तोपर्यंत वॉशर-ड्रायर पूर्ण किमतीला घेऊन झाले होते. चार माणसांचे कपडे कूपनाची वाट बघत बसत नाहीत.

शेवटी पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नाव टाकून पाहिलं, आमच्या नावावर काहीच नोंद नव्हती. मी पावती दाखवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती घेतले?" मी सांगितलं. मान हलवून त्यांनी खणातून ३५७५ नंबरचा फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

फॉर्मवर 'व्यक्ती' की 'कुटुंब' असं विचारतात. मी सरळ 'कुटुंब'वर खूण करायला गेले, तर त्या म्हणाल्या, "त्याच आडनावाचं कुणी तिथे राहतंय का?" मी म्हटलं, हो, दीर आहे. "मग त्याचंही टपाल तुमच्याकडे यायला लागेल. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म भरा." आपल्याकडे एका घरात एका आडनावाची पाच माणसं असतात आणि त्यातली दोनच हलतात, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते आहे. दिराचं बँकेचं कार्ड माझ्या दारात येऊन पडलं असतं. फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं, तेही माझ्याजवळ होतं.

दहा दिवसांत पोस्टाचं खरं पाकीट आलं, आत कूपनं. जुन्या पत्त्यावरही एक पत्र गेलं, 'तुमच्या नावाने पत्ताबदलाची विनंती आली आहे, तुम्ही केली नसेल तर कळवा' अशा अर्थाचं. तुम्ही काहीच केलेलं नसताना असं पत्र घरी आलं तर ते केराच्या टोपलीत टाकू नका. दुसऱ्याचं टपाल वळवून त्यातली कार्डं आणि चेक उचलणारे लोकही हाच फॉर्म वापरतात.

इथवर मला माहीत असलेला भुर्दंड शंभर डॉलरच्या आतला होता आणि मी तो गिळलाही असता.

मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आहे. आयुष्यातलं पहिलं कामाचं परवानगीचं कार्ड, ईएडी, वसंतात अर्ज करून मंजूर होत आलं होतं. हातात नोकरीची ऑफर होती, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. इमिग्रेशनला पत्ता कळवायचं काम माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं, कारण त्या साइटच्या चौकोनात मी खूण केली होती. पोस्टात केलेला पत्ताबदल इमिग्रेशनला पोचत नाही. तिथे एआर-११ हा फॉर्म वेगळा भरावा लागतो, ऑनलाइन भरता येतो, फुकट असतो आणि हलल्यापासून दहा दिवसांत भरायचा असतो.

आणि गंमत बघा. इमिग्रेशनची कार्डं पोस्ट पुढे पाठवत नाही. माणूस हलल्याची नोंद असेल तर ते पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं. पोस्टात माझी काहीच नोंद नसती तर कार्ड एडिसनला पोचलं असतं आणि दिराने मला कुरियर केलं असतं. मी मध्येच शहाणपणाने खरा फॉर्म भरला, म्हणून ते परत गेलं. एका सकाळी इमिग्रेशनच्या साइटवर माझ्या अर्जाचं केस स्टेटस उघडलं तर 'कार्ड पोस्टाने परत केले' अशी ओळ. दोन मिनिटं मी तशीच कपाटाला टेकून उभी होते. मग एआर-११ भरला, कार्ड पुन्हा पाठवण्याची विनंती केली, आणि ते हातात पडायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. कंपनी थांबली हे माझं नशीब. पाच आठवड्यांचा पगार मात्र गेला तो गेलाच. तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं, आणि त्या धुपाटण्यावर दहा टक्के सूट.

पैशांचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरच्या स्टेटमेंटवर त्याच नावाखाली १९ डॉलर ९५ सेंट, ऑगस्टमध्येही तेवढेच. कुठेतरी 'मासिक सभासदत्व' चिकटलं होतं. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली तर आधी नकार आला. साइटच्या तळाशी लिहिलेलंच होतं म्हणे की आमचा पोस्टाशी संबंध नाही, फी फॉर्म भरून देण्याची आहे. मग मी मुद्दा बदलला. 'फसवलं' असं न म्हणता 'ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालंच नाही' असं लिहिलं, पोस्टात नोंद नसल्याची तारीख दिली, पावती जोडली. मोठी रक्कम परत आली, महिन्याचे दोन हप्ते बुडाले. स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, म्हणून 'बघू नंतर' करू नका. पोस्टाच्या इन्स्पेक्शन खात्याकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडेही तक्रार केली. दोन्हीकडून तक्रार क्रमांक मिळाला.

जन्मतारीख आणि दोन्ही पत्ते त्या लोकांकडे आहेतच. त्यामुळे तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, माझं क्रेडिट गोठवून ठेवलं आहे, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येणं अवघड. २०१८ पासून त्याला पैसे लागत नाहीत, प्रत्येकी दहा मिनिटं जातात.

त्या '१-बी, बी-१'वाल्या युक्तीबद्दल. काही जण अशी कूपनं मागवून लिलावाच्या साइटवर दोन-चार डॉलरला विकतातही. फॉर्मवरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने दहा टक्क्यांसाठी फेडरल फॉर्मवर खोटं लिहायचं, याला मी आता हसत नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याला फोनवर हे सांगितलं, तर त्याने विषय बदलून नव्या घराचे फोटो मागितले.

खऱ्या कूपनावर शेवटी आम्ही बागेतला पाण्याचा पाइप आणि दोन कुंड्या घेतल्या. सूट मिळाली चार डॉलर बारा सेंट.

हे सगळं लिहायचं कारण, गेल्या महिन्यात दीर जर्सी सिटीला हलला. रात्री त्याचा स्क्रीनशॉट आला, "वहिनी, हीच ना ती पोस्टाची साइट?" नाव वेगळं होतं, रंग तेच, पक्षी आता उजवीकडे बघत होता. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, लॅपटॉप बंद कर, उद्या सकाळी लायसन्स घेऊन पोस्टात जा, आणि इमिग्रेशनचा फॉर्म आजच्या आज भर.