कांद्यावर थिसिस करायचाय? एफएओ, कॉमट्रेड, वर्ल्ड बँक की ओईसीडी

कुठल्याही पिकावर प्रोजेक्ट किंवा पीएचडी करणाऱ्यांनी पैसे भरून डेटा घ्यायच्या आधी या चार साइट बघाच. चारही आंतरसरकारी संस्थांच्या आणि फुकट, पण प्रत्येकीचं काम वेगळंय.

लागवड, उत्पादन, हेक्टरी उतारा हवा असेल तर डोळे झाकून एफएओस्टॅट, म्हणजे यूएनच्या अन्न आणि शेती संघटनेची (एफएओ) डेटा साइट. १९६१ पासूनचे देशवार आकडे थेट सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) उतरतात. फक्त शेजारचा फ्लॅगचा कॉलम उडवू नका, फाइल साफ करताना बरेच जण पहिला तोच उडवतात, आणि खरी माहिती तिथेच असते: ए म्हणजे अधिकृत आकडा, ई म्हणजे अंदाज, आय म्हणजे आकडा आलाच नाही म्हणून गणिताने भरलेला. गाइडने विचारायच्या आधी थिसिसमध्ये हे लिहा. वर्षही कॅलेंडरचं असतं, आपल्या २०२२-२३ शी थेट जुळत नाही.

निर्यातीसाठी मात्र यूएनचं कॉमट्रेडच, तिथे देशोदेशींच्या आयात-निर्यातीचे आकडे असतात. इथे मालाचा कोड नीट टाका, ०७०३ टाकलंत तर लसूणही त्यात येतो, कांद्याचा ०७०३१० आणि वाळवलेल्या कांद्याचा आणखी वेगळा, ०७१२२०. महिनावार आकडे मिळतात हे फार मोलाचं, कारण डिसेंबर २०२३ ते मे २०२४ ची निर्यातबंदी दोन वर्षांत विभागली गेलीय, वर्षाच्या बेरजेत ती नीट दिसतच नाही. भारताने दाखवलेली निर्यात आणि बांगलादेशाने दाखवलेली आयात जुळली नाही तर घाबरू नका, आयातीच्या किमतीत सहसा भाडं-विमा धरलेला असतो.

वर्ल्ड बँक वापरायला सगळ्यात सोपी, पण तिथे कांदा सापडणार नाही. जीडीपीत शेतीचा वाटा वगैरे, पहिल्या चॅप्टरपुरतं ठीक.

ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेकडे आपली मुलं वळतच नाहीत, कारण भारत सदस्य नाही आणि पूर्वी बरंच काही पेड होतं. पण जुलै २०२४ पासून डेटा, रिपोर्ट सगळं खुलं झालंय. त्यांच्या शेती धोरणाच्या वार्षिक अहवालात भारतही असतो, आणि सबसिड्या धरूनसुद्धा भारतीय शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार तिथे उणे दिसतो, म्हणजे मिळतं त्यापेक्षा जातं जास्त, त्यात निर्यातबंदीसारख्या निर्णयांचा मोठा हात. धोरणावर लिहिणाऱ्याने हे वाचलंच पाहिजे.

लासलगावचा रोजचा भाव यातल्या एकाही साइटवर नाही, त्यासाठी बाजार समित्यांचे भाव देणारं आपलं सरकारी अ‍ॅगमार्कनेट. वेळ कमी असेल तर एफएओस्टॅट आणि कॉमट्रेड ही जोडी धरा, बंदीचा परिणाम हाच विषय असेल तर सुरुवात कॉमट्रेडपासून करा.