जेबीएल एल१०० चा नवा ग्रिल फोम: एक पावसाळा काढल्यानंतर

जेबीएलच्या एल१०० या जुन्या स्पीकरच्या ग्रिलचा, म्हणजे पुढच्या झाकणाचा, फोम बदलून नऊ महिने झाले, त्यातले चार मुंबईच्या पावसाळ्याचे. डाव्या स्पीकरवर तयार मिळणारा नारिंगी चौकड्यांचा फोम आहे, उजव्यावर ३० पीपीआयच्या (एका इंचात तीस छिद्रं) काळ्या शीटमधून कापलेला २५ मिमी जाडीचा सपाट तुकडा. जोडी विजोड दिसते खरी, पण तुलना करायची तर दोन्ही एकाच खोलीत हवेत. दोन्ही फोम अजून कोरडे आणि लवचिक आहेत. बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून येतो. जे बिघडलं ते चिकटवण्यात आणि वेल्क्रोमध्ये.

एल१०० बाजारात आला १९७० साली. स्टुडिओतल्या ४३१०/४३११ मॉनिटर स्पीकरचा हा घरगुती अवतार, आणि त्याची ओळख म्हणजे क्वाड्रेक्स नावाचा तो चौकड्यांचा फोम. २०१८ मध्ये एल१०० क्लासिक आला तेव्हाही हाच चेहरा ठेवला. मूळ फोम मात्र आज धड सापडेल ही आशा सोडावी. त्या काळातला पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतूनच तुटत जातो. आधी चिकट होतो, मग भुगा. वापर होवो न होवो, ही क्रिया चालूच राहते. म्हणून ‘न वापरलेला, डब्यातला मूळ फोम’ कुणी दाखवला तर पैसे घालू नका, त्याचं वयही तेवढंच आहे. वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या ड्रायव्हरची, कड कापडी असल्यामुळे ती टिकते, आणि स्पीकर ठणठणीत वाटत असताना समोर फक्त ग्रिलचा भुगा पडत राहतो.

नवा फोम घेताना एकच प्रश्न विचारा: पॉलिएस्टर की पॉलिईथर? पॉलिईथर ओलाव्याला सहसा दाद देत नाही, त्याला त्रास उन्हाचा होतो. आपल्या किनारपट्टीवर तोच घ्यावा आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवावा. दुसरी अट, तो रेटिक्युलेटेड हवा, म्हणजे पेशींचे पडदे काढून टाकलेला, नुसती जाळी उरलेला. मत्स्यालयाच्या फिल्टरचे स्पंज असे असतात. गादीचा फोम चालत नाही, त्यात पडदे शिल्लक असतात आणि वरचे सूर तिथेच अडतात. परीक्षा सोपी आहे. तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा, हवा अडली तर नको. ट्यूबलाइटसमोर धरा, उजेड ठिपक्याठिपक्यांनी आरपार दिसला पाहिजे. पीपीआय कितीचा घ्यावा? २० ते ३० योग्य. ४५ चा फोम दिसायला सुबक असतो, पण ट्विटरसमोर, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या ड्रायव्हरसमोर, नको. पांढरा फोम आणून रंगवायचा विचार तर सोडूनच द्या, रंग छिद्रांत बसतो. रंगीतच घ्या.

खरं काम जुना फोम काढण्याचं आहे, त्याला अर्धा दिवस धरा. ग्रिल काढून दुसऱ्या खोलीत न्या. फ्रेममध्ये स्टेपल पिना असतील तर त्या स्पीकरजवळ अजिबात उपसू नका. चुंबक पिन ओढतो आणि ती कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा भाग, फाडून आत जाते. चिकट थर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने खरवडा, उरलेल्यावर मिनरल टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. थिनर वापरलात तर फ्रेमचा जुना रंगही निघून येईल. हातमोजे आणि मास्क हवेतच. कोनवर पडलेल्या भुग्यासाठी स्पीकर पुढे झुकवून धरायला एक माणूस घ्या आणि मऊ ब्रशने झटका, म्हणजे कण बाहेर पडतील. व्हॅक्यूमचं तोंड कोनजवळ नेलं तर मधली टोपी आत-बाहेर ओढली जाते. वूफरच्या पांढऱ्या कोनवर कुठलंच द्रावण नको, डाग कायमचा राहतो.

कापताना १८ मिमीच्या कटरचं नवं पातं लावा. पोलादी पट्टी टेकवा, पण फोम दाबू नका. दाबून कापलेली कड सुटल्यावर तिरकी होते. लांब, हलके, पाच-सहा हात मारा. कात्रीने कड दातेरी येते. खाचेत बसणारा तुकडा असेल तर लांबी-रुंदी दोन्ही ३ मिमी जास्त ठेवा. ८-१० मिमी ठेवले तर आज घट्ट बसेल आणि महिन्याभरात मध्ये पोट येईल. माप प्रत्येक फ्रेमचं वेगळं घ्या. एवढ्या वर्षांत लाकूड थोडं वाकलेलं असतं, आणि तयार फोमही दोन-तीन मिमी इकडेतिकडे निघतो.

चिकटवायला गादीवाले वापरतात ते रबराचं सोल्यूशन घ्या. ते फ्रेमवर पातळ लावा, फोमच्या कडेला त्याहून पातळ, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला न चिकटण्याइतपत सुकलं की दाबा. पुन्हा उचलता येत नाही, म्हणून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. पहिल्या खेपेला डाव्या फ्रेमवर ते जाड बसलं. फोमने शोषून घेतलं आणि कडेला कडक काळी रेघ उमटली, ती अजून दिसते. पांढरा फेविकॉल पावसाळ्यात मऊ पडतो. ग्लू गनचा थर गाठी सोडतो आणि पुढच्या वेळी फ्रेमचा पापुद्रा घेऊनच निघतो.

सर्वांत मोठी निराशा सेल्फ-अॅडहेसिव्ह वेल्क्रोने केली. जुलैत उजवा ग्रिल हळूहळू खाली सरकला, गोंद दमटपणात घसरला होता. आता २० मिमीची पट्टी चार कोपऱ्यांत आणि दोन्ही उभ्या बाजूंच्या मध्यावर, रबर सोल्यूशनने आणि फ्रेमकडून स्टेपलने पक्की केली आहे. फ्रेम पातळ असेल तर स्टेपलची लांबी आधी पाहा.

आवाजाबद्दल. दोन्ही ग्रिल डावे-उजवे बदलून एकाच स्पीकरवर ऐकले. बसण्याच्या जागेवरून फरक पकडणं कठीण. अगदी जवळ, ट्विटरच्या उंचीवर कान नेला तर चौकड्यांमागे झांजा किंचित निराळ्या ऐकू येतात. १० किलोहर्ट्झच्या बारीक सुराची हवेतली लहर साधारण ३४ मिमी लांबीची, त्यामुळे चौकड्यांचे उंचसखल भाग तिथे थोडे मध्ये येणारच. फारच खटकलं तर ग्रिल काढल्यावर दिसणारा, वरचे सूर कमी-जास्त करणारा ब्रिलियन्सचा नॉब आहेच.

धूळ आठवड्यातून एकदा, ग्रिल काढून, मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने. सपाट तुकडा फ्रेमवर चिकटवलेला नसेल तर कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून दाबत धुवा. पिळू नका, आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा. दाबलेल्या लाकडी फ्रेमवर चिकटलेला फोम पाण्यात घालू नका, फ्रेम फुगते.

पुन्हा घ्यायचं झालं तर चौकड्यांचाच, कारण एल१०० चा चेहरा तोच. बाकी कुठल्याही जुन्या स्पीकरसाठी सपाट शीट, आणि वाचलेले पैसे चांगल्या कटरवर.