दात्याचं हृदय न्यायचं कशातून? बर्फाची पेटी, थंड यंत्र की धडधडत ठेवणारं यंत्र

हृदय प्रत्यारोपण सुरू करणाऱ्या रुग्णालयाच्या खरेदी समितीवर तुम्ही असाल, किंवा ट्रस्टतर्फे असं यंत्र देणगी द्यायच्या विचारात असाल, तर किमतीच्या आधी वेळेचा हिशेब मांडा. बर्फातल्या हृदयाला साधारण ४ तास मिळतात. पण हे तास ॲम्ब्युलन्स निघाल्यापासून मोजत नाहीत. दात्याच्या महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लागला की घड्याळ सुरू होतं आणि रुग्णाच्या छातीत बसवलेल्या हृदयात रक्त सोडलं की थांबतं. हृदय काढणं, पॅक करणं, टाके घालणं हे वजा केलं की वाटेसाठी उरतात जेमतेम दोन-अडीच तास. २०१५ मध्ये ग्रीन कॉरिडॉर करून पुण्याहून मुलुंडला हृदय आणलं गेलं, ते अंतर या हिशेबात बसतं. नागपूरहून मुंबईला आणायचं तर विमान असूनही दोन्ही टोकांचा रस्ता धरून जीव टांगणीला लागतो.

बर्फाची पेटी स्वस्त, बिघडायला तिच्यात काही नाही आणि प्रत्येक सर्जनच्या हाताखालून गेलेली. थंडीत हृदयाच्या पेशींची भूक कमी होते. तापमान १० अंशांनी उतरलं की चयापचय साधारण निम्म्यावर येतं. अडचण एवढीच, की बर्फ शून्य अंशाचा. हृदयाचा एखादा भाग २ अंशांच्या खाली गेला तर स्नायूला थंडीनेच इजा होऊ शकते, आणि पेटी बंद असताना ते कुणाला कळत नाही.

शेर्पापॅकसारखी नियंत्रित तापमानाची पेटी हीच अडचण सोडवते. हृदय द्रावणात बुडलेलं राहतं, तापमान ४ ते ८ अंशांत टिकतं आणि त्याची नोंद सतत होत राहते. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली. गार्डियन या नोंदवहीतल्या रुग्णांमध्ये बर्फाच्या तुलनेत नवं हृदय सुरुवातीलाच गंभीररीत्या बिघडण्याचं प्रमाण कमी दिसलं. ही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. तरी तिला दात्याचं रक्त लागत नाही, रक्त फिरवणारा पंप लागत नाही, सोबत वेगळा तंत्रज्ञ लागत नाही. त्यामुळे साध्या बर्फावर अडून बसायला मला कारण दिसत नाही.

खरा विचार पुढच्या दोन यंत्रांत करायचा आहे.

स्वीडनमधल्या लुंड इथे स्टिग स्टीन यांच्या संशोधनातून आलेली एक्सव्हिवो या कंपनीची पेटी हृदयाला थांबलेलंच ठेवते, पण उपाशी ठेवत नाही. ८ अंशांचं, ऑक्सिजन आणि तांबड्या पेशी मिसळलेलं द्रावण अगदी कमी दाबाने हृदयाच्या धमन्यांतून फिरत राहतं. युरोपातल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रत्यारोपण झालेले २०४ रुग्ण होते. मृत्यू, हृदय न चालणं, गंभीर रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं) अशा गोष्टी एकत्र मोजल्या तर यंत्राच्या गटात १९ टक्के आणि बर्फाच्या गटात ३० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीत हा फरक अगदी थोडक्याने बसला नाही, हे विक्रेता सांगणार नाही म्हणून आधीच ठाऊक असू द्या. पण नवं हृदय सुरुवातीलाच नीट न चालण्याचं प्रमाण ११ टक्क्यांविरुद्ध २८ टक्के होतं, आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्याला या आकड्याचं मोल सांगावं लागत नाही. वेळेच्या बाबतीत तर हे यंत्र फार पुढे गेलंय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हृदयं सुमारे पावणेनऊ तासांपर्यंत टिकवली गेली. फ्रेंच डॉक्टरांनी कॅरिबियन बेटांवरून प्रवासी विमानाने पॅरिसला आणलेलं हृदय १२ तासांनी बसवलं.

ट्रान्समेडिक्स या कंपनीचं ओसीएस हे यंत्र वेगळ्या वाटेने जातं. त्यात हृदय ३४ अंशांना, दात्याच्याच लिटरभराहून अधिक रक्तावर, धडधडत राहतं. लॅक्टेट (हृदयाला ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं द्रव्य) मोजता येतं आणि हृदय घ्यावं की सोडावं हे वाटेतच ठरवता येतं. हा फायदा बाकी कुठल्याच पेटीत नाही. चांगल्या हृदयांसाठी मात्र २०१५ च्या चाचणीत ते बर्फापेक्षा सरस ठरलं नाही, केवळ बरोबरीचं ठरलं: ३० दिवसांनी जगलेले ९४ टक्के, बर्फाच्या गटात ९७. त्याची ताकद दिसते ती रक्ताभिसरण थांबून मृत्यू झालेल्या दात्यांच्या बाबतीत. २०१४ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाने अशा दात्याचं हृदय याच यंत्रातून आणून बसवलं. अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत अशी हृदयं मिळालेले ९४ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी हयात होते. नेहमीच्या, म्हणजे मेंदूमृत, दात्यांच्या गटात ९० टक्के.

आपल्याकडे मात्र हृदयदान मुख्यत्वे मेंदूमृत दात्यांकडूनच होतं. ओसीएसची मोठी ताकद इथे वापरातच येणार नाही, खर्च मात्र पुरा लागेल: दर हृदयामागे एकदाच वापरायचा महागडा संच, पूर्ण वेळ सोबत तरबेज माणूस, आणि पंप बंद पडला तर उबदार हृदयाला फार थोडी मिनिटं. ८ अंशांवरच्या हृदयाला निदान थंडीचा आधार उरतो.

म्हणून दाते बहुतेक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून येत असतील तर नियंत्रित तापमानाची पेटी घ्या आणि उरलेला पैसा परफ्युजनिस्टच्या (शस्त्रक्रियेत रक्त फिरवणारं यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या) पगारात घाला. विदर्भ, मराठवाडा किंवा परराज्यातली हृदयं केवळ वेळेपायी सोडावी लागत असतील, तर ८ अंशांच्या यंत्राची चौकशी करा: भारतातला परवाना लेखी मागा, संचाची मुदत विचारा, रात्री अडीचला बिघाड झाला तर फोन कोण उचलणार तेही करारात घाला. आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्या टीमने अंतरामुळे किती हृदयं नाकारली, ती यादी काढल्याशिवाय सही करू नका.