टोके नव्याने बसवावीत की केबलच बदलावी?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा असताना संगणकावरील स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर प्लॅन वाढवण्यापूर्वी किंवा नवा राउटर आणण्यापूर्वी राउटरपासून टेबलापर्यंत आलेली केबल तपासावी. हा आकडा योगायोगाने येत नाही: १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात एवढाच वेग हाती लागतो. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या दोन जोड्या पुरतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) जोडणीला मात्र चारही जोड्या शाबूत लागतात. उरलेल्या चार तारांपैकी एक जरी तुटली, तरी बहुतेक उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट बंद पडत नाही, त्यामुळे हा दोष कित्येक महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खात्री करून घेणे अवघड नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो. तेथे १०००/१००० ऐवजी १००/१०० असेल, तर लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन चांगल्या, आखूड केबलने जोडून पाहावा. आता १००० दिसू लागले, तर दोष घरातल्या केबलचा आहे. तरीही १०० च राहिले, तर राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्टच तेवढ्या क्षमतेचे असू शकते. स्वस्त राउटरमध्ये आणि अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये ते तसेच असते आणि अशा वेळी केबलवर खर्च करून काहीही साधत नाही.

दोष केबलचाच ठरल्यावर पहिला पर्याय म्हणजे दोन्ही टोकांचे जॅक (पोर्टमध्ये बसणारी प्लास्टिकची टोके) कापून नवे बसवणे. घरगुती जोडणीतील बरेचसे दोष टोकांशीच असतात, त्यामुळे भिंतीतून गेलेल्या केबलच्या बाबतीत सुरुवात येथूनच करावी. जुना जॅक न कापता आधी उजेडात धरून पाहावा: पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा अगदी पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत आणि बाहेरचे वेष्टन मागच्या पकडीखाली दबलेले असले पाहिजे. वेष्टन बाहेरच राहिले असेल, तर केबलला बसणारा प्रत्येक ओढा त्या बारीक तारांवर येतो. काही ठिकाणी चारच तारा बसवलेल्या आढळतात, किंवा एकाच केबलमधून दोन जोडण्या काढलेल्या असतात. तेथे गिगाबिट मिळणे शक्यच नसते.

याहून फसवा दोष रंगांच्या क्रमाचा आहे. काही जण नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावून मोकळे होतात आणि दुसऱ्या टोकालाही तोच क्रम ठेवतात. साध्या केबल-टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागतात, म्हणून काम बरोबर झाले असे वाटते. प्रत्यक्षात ३ आणि ६ या पिना एकाच पिळलेल्या जोडीच्या असाव्या लागतात. त्या दोन वेगवेगळ्या जोड्यांत वाटल्या गेल्या की पिळामुळे होणारी गोंगाटाची वजाबाकी थांबते, शेजारच्या जोडीचे संकेत मिसळू लागतात आणि केबल लांब असेल तर वेग घसरतो किंवा जोडणी अधूनमधून तुटते. योग्य क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे, आणि पीळ जॅकपाशी सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. टेस्टरचे दिवे लागले एवढ्यावर काम स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंक स्पीड १००० दिसला पाहिजे आणि मोठी फाइल उतरवताना तो टिकला पाहिजे.

दुसरा पर्याय संपूर्ण केबल बदलण्याचा. खर्च आणि तोडफोड अधिक, पण काही परिस्थितींत टोके बदलत बसणे व्यर्थ असते. कापलेल्या टोकाची एक तार ब्लेडने हलकेच खरवडून पाहावी. आतून रुपेरी धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. अशी तार वाकवताना लवकर तुटते, तिचा विद्युत्-रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती वापरणे धोक्याचे आहे. तिच्यावर नवे जॅक बसवले, तरी तोच दोष काही काळाने पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता मोठी, म्हणून येथे मी बदलण्याच्याच बाजूने आहे. उंदरांनी कुरतडलेल्या किंवा खिळ्याखाली चेपलेल्या केबलचेही तेच. कन्सील्ड पाइपमधली केबल बदलायची असेल, तर जुनीलाच नवी बांधून ओढता येते. म्हणून जुनी आधीच उपसून काढू नये.

नवी केबल कोणत्या प्रतीची, यावर फार खल करण्याची गरज नाही. कॅट-५ई गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत पुरेशी आहे. भिंतीत कायमची घालायची असेल, तर मात्र कॅट-६ घ्यावी, कारण ती ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही वाहू शकते आणि खर्चातील मोठा वाटा मजुरीचाच असतो. वेष्टनावर मोठा आकडा छापलेल्या स्वस्त केबलपेक्षा शुद्ध तांब्याची कॅट-५ई केव्हाही श्रेष्ठ.

गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून खाली आलेल्या केबलचा विचार वेगळा करावा लागतो. घरात वापरायचे साधे पीव्हीसी वेष्टन उन्हाने तडकते, पावसाळ्यात तडीतून पाणी आत शिरते, आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की तांब्याच्या तारेतून येणारा झटका राउटरचे पोर्ट जाळू शकतो. तेथे टोके बदलणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. काळ्या पॉलिथिलीन वेष्टनाची केबल उन्हापावसात टिकते, पण विजेचा धोका तिलाही आहे. त्यामुळे केबलवाला इमारतीतल्या स्विचपासून घरापर्यंत फायबर (वीज न वाहणारी काचेच्या तंतूची केबल) देण्यास तयार असेल, तर तेच मागून घ्यावे.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल, तर केसिंग पट्टीतून वरून नेलेली केबल हाच माझ्या मते वायफायपेक्षा चांगला मार्ग. मेश वायफाय (घरात ठिकठिकाणी ठेवलेली, एकमेकांना बिनतारी जोडलेली युनिटे) बसवायला सोपे असते, परंतु दोन युनिटांमध्ये विटांची जाड भिंत किंवा आरसीसीचा स्लॅब आला की वेग मोठ्या प्रमाणात घटतो. पट्टीलाही घरमालकाची संमती मिळत नसेल, तरच मेश घ्यावे, आणि तेही ती युनिटे पुढे केबलने जोडता येतील असे पोर्ट असलेले.