पुळण की खडपे? मुलांसोबत किनाऱ्यावरचा एक दिवस

मुलं तीन-चार वर्षांची असतील तर सरळ पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर जा. वेळेचं बंधन कमी, पडलं तरी लागत नाही. किल्ल्याला ओली वाळू घ्या, कोरडी ढासळते. खड्डा मात्र मुलाच्या गुडघ्याहून खोल नको, कडा अचानक कोसळतात. लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत दिसला, तर तिथे मुळीच उतरू नका. तिथूनच पाणी आत ओढतं. कुणी सापडलंच, तर ओढीशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं.

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना खडपांवर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर न्याच. ओहोटीत उघड्या पडलेल्या डबक्यांत खेकडे, शंखातले खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे जीव) दिसतात. इथे सगळा खेळ वेळेचा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा, पाणी वळलं की निघा. भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं, म्हणून 'अजून थोडा वेळ' महागात पडतो. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. कालची वेळ आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं.

पायात टाचेला पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल हवेत. हिरवं शेवाळ निसरडं असतं, कालवांच्या कडा पाय कापतात. दगड उलटला तर हळूच पूर्ववत ठेवा, खालचे जीव उन्हात सुकून मरतात. बादलीतला खेकडाही पाच मिनिटांत परत सोडा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो.