नाशिकमधील वीज व ऊर्जासाठवण प्रदर्शन : एका लघुउद्योजकाचा अभिप्राय
अंबड औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना असून वीज गेली की सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशिनवरचा अर्धवट जॉब अनेकदा वाया जातो. त्यामुळे शहरात भरलेले वीज व ऊर्जासाठवण उद्योगाचे प्रदर्शन मी मुद्दाम दिवसभर फिरून पाहिले. सर्वांत उपयोगी ठरला तो झाकण काढून ठेवलेला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा संच. ३.२ व्होल्टचे १६ सेल एकसर जोडणीत असल्याने ५१.२ व्होल्ट कसे मिळतात आणि त्यांतल्या एखाद्या सेलचे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, संपूर्ण संच कसा बंद करते, हे तिथल्या तंत्रज्ञाने मल्टिमीटर लावून शांतपणे दाखवले. १०० अँपिअर-अवरच्या अशा संचात सुमारे ५ युनिट वीज साठते, हा साधा हिशेब मात्र अनेक माहितीपत्रकांत नव्हता, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. एका विक्रेत्याने तर १० वर्षांची वॉरंटी तोंडी सांगितली, पण ती किती चार्जिंग सायकलपर्यंत (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांपर्यंत) लागू राहील, हे लेखी द्यायला तो तयार होईना. सौर पॅनेलचे स्टॉल नेहमीचेच. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या शीतगृहांचा विचार केलेला स्टॉल एकच होता, आणि तिथली गर्दी हटत नव्हती. अशा प्रदर्शनाला जाताना वीजबिलावरील मंजूर भार आणि मोटारींचा स्टार्टिंग करंट (सुरू होताना क्षणभर लागणारा जादा प्रवाह) लिहून सोबत न्यावा.